खुणेचे दगड

१२ फेब्रुवारी १९६८, सोमवार

मसणवटीत खांब! सिमेंटचे. पंधराच्या वर असतील. त्यांच्यावर काटेरी तार ओढणं चालू होतं.

सकाळची डाक घेऊन लालबर्रा रस्त्याने निघालो होतो. आधी वाटलं, आपलीच नजर चुकली, जागा दुसरी असेल. सायकल उभी केली, नीट पाहिलं. तीच मोहाची दोन झाडं, तोच नाला, तोच उंचवटा. तारेच्या आत माझा बाप आहे. माझी पोर अंजना आहे. आमच्या वस्तीत, टोलीत, असं एक घर नाही ज्याचं माणूस तिथे निजलेलं नाही. आम्ही जाळत नाही, पुरतो. हे साऱ्या मुलखाला माहीत आहे.

मजूर म्हणाले, दुलीचंद सेठचं काम. राइस मिल वाढवायची आहे, धान सुकवायला पक्कं आंगण पाहिजे. तसाच मिलमध्ये गेलो. सेठ गादीवर बसून चिठ्ठी वाचत होते — मीच परवा आणून दिलेली. म्हटलं, सेठ, ती आमच्या टोलीची मसणवट आहे. मान वर न करता म्हणाले, "कागज में तो खाली है भैया. पटवारी से पूछ लो."

खाली! अख्खी टोली मावली आहे त्या खाली जागेत.

उरलेली डाक वाटली. कोणाची कोणाला दिली देव जाणे. म्हणजे — देव नाही. कोणास ठाऊक.

१३ फेब्रुवारी

घरी सत्यभामाला सांगितलं. भाताची पेज काढत होती, हात थांबला नाही. एवढंच विचारलं, "तार अंजनाच्या कोन्या बाजूनं हाये?" म्हटलं, ती आत आहे. त्यावर तिने पेज ओतली, पानं वाढली. जेवण झालं, भांडी घासायला बसली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली आणि कचेरी गाठली. पटवारी चैतरामच्या घरी मी दहा वर्षं पत्रं टाकतो. त्याच्या पोरीच्या लग्नाची तार मी पावसात नेऊन दिली होती. आज मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. बाहेर नवीकोरी सायकल उभी होती. मागच्या महिन्यापर्यंत गडी पायी फिरायचा. सायकलींच्या बाबतीत माझा डोळा चुकत नाही.

गावाच्या सामायिक जागांचा एक कागद असतो — कुरण कुठे, गुरांची वाट कुठे, मसणवट कुठे. तो त्याने काढला. आमच्या जागेपुढे लिहिलेलं आहे, पडीत. म्हटलं, नागपूरच्या राजवटीतला जुना कागद काढा, त्यात मरघट लिहिलेलं असणार, बाप सांगायचा. चैतराम म्हणाला, "छप्पन में राज्य बँटा, दफ़्तर बँटा. पुराना कागज नागपुर गया कि भोपाल गया, कौन जाने." वा! बहिणीचं सासर महाराष्ट्राकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आमचे मेलेले पडीतात गेले, आणि कागद कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही.

मग जरा मऊ झाला. "मैं मान भी लूँ, खोब्रागड़े. पर निशानी क्या है? कब्र है तो पत्थर होगा, चबूतरा होगा. मौके पर एक कंकर नहीं."

 दगड होते. ते कुठे गेले हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

२० फेब्रुवारी

ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. सापडलं. माझंच अक्षर, फेब्रुवारी ५७:

"आज टोलीतल्या पोरांना घेऊन मसणवटीतले सारे दगड उपटले. बैलबंड्यांत भरून वैनगंगेच्या डोहात टाकले. आता शेंदूर नाही, नैवेद्य नाही, पितर नाही. मन हलकं झालं. फक्त म्हातारी माणसं रडली."

हलकं झालं म्हणे! थोबाडीत मारावीशी वाटते त्या लिहिणाऱ्याच्या.

प्रत्येकाच्या उशाशी एक दगड असायचा. आषाढात, अखाडीच्या सणाला, त्याला शेंदूर लावायचे, पुढे भात ठेवायचे. नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हा रक्त गरम होतं. घरातले देव गेले, तसे हे दगडही गेले पाहिजेत — मी आणि भैयालाल, आम्ही दोघं पुढे. अंजनाचा दगड सगळ्यात लहान होता, हाताच्या मुठीत मावेल एवढा. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली नव्हती. सत्यभामा तो धरून बसली, सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, दगडात तुझी पोरगी नाही.

ते आजही म्हणेन. दगडात ती नव्हतीच. पण दगड म्हणजे तिच्या नावाचा कागद होता, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. शेंदूर पुसायचा होता, दगड राहू द्यायचा होता. आमच्याकडे दुसरा कोणता कागद होता?

४ मार्च, सोमवार

नायब तहसीलदाराच्या नावाने अर्ज लिहिला. हिंदीत लिहावा लागतो. चार वेळा फाडला. पाचवा रजिस्टर केला, पोचपावतीसह. ठसा मी स्वतः मारला, तारीख नीट उमटेल असा.

बारा वर्षं डाक वाटतो आहे. ज्या कागदावर ठसा पडला तो पोचतो. पोचला की कोणाला तरी सही करावी लागते, आणि सही केली की उत्तर द्यावं लागतं. माझा यावर विश्वास आहे. नसता तर बारा वर्षं उन्हातान्हात पायडल मारलं असतं का?

सत्यभामा म्हणाली, "पोचल्यावर वाचते कोन?"

बाईमाणसाला काय कळतं, असं मनात आलं.

११ मार्च

पोचपावती आली! सही वाचता येत नाही, पण ठसा स्पष्ट. बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

२३ मार्च, शनिवार

चौकशी होऊन गेली म्हणे. कधी? कोण आलं? टोलीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कचेरीतून अहवालाची नकल काढली. "मौके पर कोई कब्र अथवा चिह्न नहीं पाया गया. पंचों ने बताया कि यहाँ कभी कोई दफ़न नहीं हुआ."

खाली पाच पंचांच्या सह्या. चार मिलचे हमाल, दूरच्या गावचे, त्यांना काय माहीत. पाचवी सही दोनदा वाचली. भैयालाल. माझ्याबरोबर नागपूरला पायी निघालेला भैयालाल! त्याचा बाप माझ्या बापापासून चार पावलांवर आहे. तो खड्डा आम्ही दोघांनी खणला होता, पावसाळ्यात, पाणी उपसत उपसत.

आता तो मिलमध्ये हमालांचा मुकादम आहे. गेलो. पोत्यांवर बसला होता.

म्हटलं, "भैयालाल, तुहा बाप कुठी हाये?"

"पुनाराम, मले सहा खानारे हायेत."

"तुहा बाप कुठी हाये, ते इचारून राह्यलो मी."

"सही इथं कर म्हनलं, केली. वाचाले कोनं देल्लं मले?"

वाचायला दिलं नाही! चौथीत माझ्यापेक्षा मोठ्याने कविता म्हणायचा तो. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. हमाल गोळा झाले. त्याने मान वर केली नाही, आणि मला तेवढ्याने समाधान झालं नाही.

२ एप्रिल

तिसरी पोचपावती. उत्तर एकाचंही नाही. कचेरीत माझे अर्ज कशाखाली ठेवतात कोण जाणे. टेबलाचा पाय हलत असेल.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. झेंडा, मिरवणूक, पोरांची लेझीम. सगळं झालं, पण तोंडावर कोणाच्या तेज नव्हतं. मिरवणूक तारेजवळून गेली तेव्हा वाजवणारे आपोआप थांबले.

नंतर समाजाच्या ओट्यावर सारे बसले. प्रेमलालचा म्हातारा सरळ म्हणाला, "सेठनं तार आज ओढली. दगड तं तुनंच फेकले ना, पुनाराम?" कोणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. बरोबरच होतं त्याचं.

मग जिजामाय उठली. भैयालालची आई. सत्तरी उलटली आहे. अर्धी टोली तिच्या हातावर जन्मली, आणि जी गेली त्यांना शेवटची आंघोळही तिनेच घातली. कोण कुठे पुरलेलं आहे ते तिला पावलांनी पाठ आहे. पोराची सही तिला आजच कळली होती. भैयालाल मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "आजपासून मी पुनारामच्या घरी जेवीन." आणि पुढे माझ्याकडे वळली. "रडून काय राह्यला बापा? दगड डोहातच हायेत ना? डोह काही सेठचा नाई."

इतकी साधी गोष्ट! महिनाभर मी पोचपावत्या जमवत बसलो.

५ मे, रविवार

डोह. पाणी कमरेएवढं उरलं आहे. बारा बाप्ये आणि तितक्याच बाया उतरलो. पायांनी चाचपायचं, लागला की बुडी मारायची. दुपारपर्यंत एकोणीस दगड वर काढले. शेवाळ धरलेले, पण काहींच्या खाचेत अजून लाल होतं. अकरा वर्षं पाण्यात राहून!

जिजामाय काठावर बसून सांगत होती — हा तुह्या बापाचा, हा शांताबाईच्या सासूचा, हा माह्या घरवाल्याचा. शेवटचा तिने मांडीवर घेतला. भैयालाल आला नव्हता.

अंजनाचा सापडला नाही. लहान होता, वाहून गेला असेल. सत्यभामा सगळे वर आल्यावरही पाण्यात होती, पायांनी चाचपत. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार होतो?

संध्याकाळी तारेखालून आत गेलो. जिजामायने पावलं टाकून जागा दाखवल्या, आम्ही दगड रोवले. मिलचा चौकीदार पाहत उभा राहिला आणि मग सायकलवर बसून निघून गेला.

९ मे, गुरुवार

आज सकाळी डाक लावताना एक रजिस्टर पत्र हातात आलं. कचेरीचं. पत्ता — श्री पुनाराम खोब्रागड़े, पोस्टमैन. म्हणजे मीच मला द्यायचं!

पोस्टमास्तर म्हणाले, "नियम है, सही करो." केली. घेणारा पुनाराम, देणारा पुनाराम. ते हसले, मीही हसलो. मग फोडलं. "विवादित भूमि पर नये पत्थर गाड़कर अतिक्रमण का प्रयास." कारण दाखवा, नाही तर कारवाई. नये पत्थर! नायब तहसीलदाराला शेवाळ दिसत नाही काय?

दोन महिन्यांत कचेरीचं पहिलं उत्तर आलं ते हे. ऑफिसच्या मागे गेलो आणि सायकलला लाथ मारली. सायकल सरकारी आहे. पुढच्या चाकाचा चिमटा वाकला, तो मलाच दुरुस्त करून घ्यावा लागेल.

१२ मे, रविवार

बुद्ध पौर्णिमा. खीर केली. काल मिलच्या माणसांनी सगळे दगड उपटून ट्रॅक्टरने कुठे नेले पत्ता नाही. मी केलं होतं तेच त्यांनी केलं. त्यांना मजुरी मिळाली, मी फुकटात केलं होतं.

२१ मे, मंगळवार

पेशी, नायब तहसीलदारापुढे. अकराची वेळ, साहेब आले दोनला.

जिजामायने सांगितलं — कोण, कुठे, कोणत्या साली, कशाने गेला. चाळीस नावं सांगितली असतील, अडखळली नाही. नायब साहेबांनी कारकुनाला काय लिहायला सांगितलं? "साक्षी निरक्षर, अति वृद्ध, स्मरण विश्वसनीय नहीं." एवढंच. चाळीस माणसं एका ओळीत गेली.

मी दगडांचं सांगितलं, खरं ते सगळं. डोहात कोणी टाकले तेही. साहेब हसले. "तुमने खुद फेंके, खुद निकाले, खुद गाड़े. और सबूत भी तुम्हीं?" सेठचा वकीलही हसला. मला वाटलं, ही भिंतीवरची सगळी फडताळं ओढून खाली पाडावी.

मग ते म्हणाले, "कब्र है तो अंदर कुछ होगा. खोदके दिखाओ. किसकी खोदोगे?"

 कोण आपलं माणूस काढून दाखवेल? आणि मोठ्या माणसाची नुसती हाडं निघाली तर म्हणतील, जनावराची आहेत. काहीतरी ओळखीचं निघायला पाहिजे. मला एकच आठवलं. तापात अंजनाचे पाय सुजले होते. गेल्यावर वाळे निघेनात. आई ओढायला लागली तर सत्यभामाने तिचा हात धरला — राहू द्या, दुखन तिले. तसेच ठेवले. लामत्याच्या बाजारातून मीच आणले होते, पितळेचे, आत घुंगरू असलेले. ती चालायला लागली तेव्हा घरभर वाजायचे.

म्हणालो, माझ्या मुलीची. कारकुनाने लिहून घेतलं — पैर में पीतल का कड़ा, घुँघरूवाला. मी सही केली. तारीख सत्तावीस.

२२ मे

सत्यभामाला सांगितलं.

"मले इचारलं नाई तुमी."

"नाही विचारलं."

पदर खोचत म्हणाली, "मी खनीन. दुसऱ्या कोनाचा हात नाई लागला पायजे."

२७ मे, सोमवार

लिहायचं नव्हतं, पण लिहून ठेवलं पाहिजे.

जीपमधून नायब साहेब आले. चैतराम नव्या सायकलवर आला. पंच तेच पाच, भैयालालही. त्याची आई समोर होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. सगळी टोली तारेबाहेर उभी. आत आम्हाला तिघांनाच घेतलं — मी, सत्यभामा, जिजामाय. जिजामायने मोठ्या मोहापासून पावलं मोजली, नाल्याकडे वळली, थांबली. "इथी."

वरचा मुरूम दगडासारखा झाला होता. तेवढा मी लोखंडी सब्बलीने, पहारीने, फोडला. मग सत्यभामाने मला हाताने बाजूला केलं आणि खाली बसली. खुरपी, मग खुरपीही टाकली, नुसती बोटं. ऊन असं होतं की साहेबांनी छत्री धरायला लावली. ती डोक्यावरचा पदर सावरत नव्हती. मी वर उभा होतो. तिच्या पाठीमुळे मला खड्डा दिसत नव्हता, आणि मी पुढेही झालो नाही.

जे होतं ते फार थोडं होतं. ते लिहीत नाही.

मग तिने हात वर केला. वाळा. हिरवा पडलेला, मातीने भरलेला, माझ्या तीन बोटांत बसेल एवढा. साहेबांनी हात पुढे केला, तिने दिला. त्यांनी फिरवून पाहिला. सेठच्या वकिलाचं तोंड उतरलेलं मी पाहिलं — या डोळ्यांनी! वाटलं, झालं. सत्य मातीतून वर आलं, आता कोण काय करणार.

साहेबांनी तो चैतरामला दिला. "लिफ़ाफ़े में रखो, कचहरी में सील लगेगी." मी म्हटलं, साहेब, रसीद? ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "सरकार पर भरोसा नहीं?"

मी म्हणालो, आहे.

दुसरा वाळा शोधायला वेळ दिला नाही, जीप लालबर्ऱ्याला जायची होती. तो मातीतच राहिला. राहू दे, तिच्याजवळ एक तरी असावा. सत्यभामाने खड्डा स्वतः बुजवला. थकली होती, एकाच हाताने माती लोटत होती. मी मदतीला वाकलो तर मान हलवून नको म्हणाली.

३ जून, सोमवार

नकल मिळाली. शब्द न शब्द उतरवतो, म्हणजे उद्या मला वाटायला नको की मी चुकीचं वाचलं:

"खुदाई में कोई मानव अवशेष अथवा वस्तु नहीं पाई गई."

वस्तू नाही पाई गई. छत्रीखाली उभं राहून, हातात घेऊन, फिरवून पाहिलेली वस्तू!

चैतरामला गाठलं. म्हटलं, लिफाफा? "कौन-सा लिफ़ाफ़ा?" त्याची कॉलर धरली. दोन शिपायांनी सोडवलं. आता माझ्यावर दुसरी केस होईल, होऊ दे. पोस्टमास्तरांकडे तक्रार जाईल, बैहरच्या जंगलात बदली होईल, तीही होऊ दे.

एक गोष्ट घरी येऊन दिसली. पंचांच्या सह्या चारच आहेत. पाचव्या आकड्यापुढे रेघ कोरी आहे.

संध्याकाळी भैयालाल दारात येऊन बसला. मिलमधून काढलं त्याला. मी ये म्हटलं नाही. जिजामायने आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला आणि परत गेली.

४ जून

"सरकार पर भरोसा नहीं?" — "आहे." माझ्या तोंडाने! माझ्या पोरीच्या उघड्या खड्ड्याशी उभं राहून!

बिस्किटाचा डबा चुलीजवळ नेला. एप्रिल-मेतल्या अर्जांच्या धरून अकरा पोचपावत्या. अकरा वेळा कोणीतरी सही करून म्हणालं आहे की पोचलं. एक चुलीत घातली. दुसरी उचलली तेवढ्यात सत्यभामाने डबा काढून घेतला आणि वर फळीवर ठेवला. म्हणाली, "राहू द्या. कामी येईन."

कोणाच्या कामी?

६ जून

मार्चच्या चौकशीविरुद्ध बालाघाटला मोठ्या साहेबांकडे अपील टाकलं होतं, त्याची तारीख आली. १९ जून. जायचं की नाही ते ठरलेलं नाही. टोलीतले म्हणतात, जा. भैयालाल म्हणतो, मी येतो, सही काहून नाई केली ते सांगतो. मला आता कोणत्याच टेबलासमोर उभं राहायची इच्छा नाही. तरी दौत पुढे ओढली. सवय म्हणा.

८ जून, शनिवार

अपिलाला जोडायचा नवा अर्ज लिहीत होतो. "एकमात्र सबूत कचहरी से ग़ायब" एवढं लिहून झालं होतं.

सत्यभामा समोर येऊन बसली. मूठ पुढे केली आणि आपणहून उघडली.

वाळा. चिंचेने घासून पिवळा केलेला. आतली माती काढलेली. तिचा हात जरा हलला तर वाजला.

"दोन्ही सापडले होते," ती म्हणाली. "साहेबानं हात पुढं केला, तं एक देल्ला."

बारा दिवस! म्हटलं, मले काहून नाई सांगतलं?

"तुमी अर्जात लिहून टाकलं असतं."

खरं आहे. आत्ताही टाक हातातच होता. खाली ठेवला.

"एकोनीसले मी येते संग," म्हणाली. मूठ मिटली. "मोठ्या साहेबाले दाखवीन. देनार नाई."